घसा हलतो का?

तोंडात अंडी धरलेली माशाची मादी त्या काळात काही खाते की अजिबात खात नाही, या एका प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न साधा आहे, सातवीतल्या मुलालाही कळेल असा. तो मला ज्यांनी दिला ते माझे धाकटे दीर, माधवभाऊजी, इकडच्या वसंतात मेलबर्नमध्ये गेले. फोन आला तेव्हा मी सिडनीत, केलीव्हिलच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून शाळेचा तास घेत होते. मोबाइलवर जाऊबाईंचे नाव दिसले. सुजाता माझ्या तासाच्या वेळी कधीही फोन करत नाही... मुलांना धडा वाचायला सांगून मी कॅमेरा बंद केला. पलीकडून एवढेच आले, "ताई, झालं." श्रीकांत, म्हणजे माझे यजमान आणि भाऊजींचे थोरले बंधू, वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे याची जुळवाजुळव करत मी जिना चढले. दारात पोचले तर त्यांनी हेडफोन आधीच काढून ठेवले होते.

भाऊजी विद्यार्थी म्हणून मेलबर्नला आले, अकाउंटिंग शिकले, आणि शिकलेल्या गोष्टीशी काहीही संबंध नसलेल्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात शिफ्टचे प्रमुख झाले. कारखान्यातल्या कोणीतरी देश सोडताना आपली माशांची टाकी त्यांच्या गळ्यात घातली, आणि मग एकीच्या चार टाक्या झाल्या. त्या सगळ्या घराच्या लाँड्रीत. "आमच्याकडे वॉशिंग मशीन पाहुणं आहे आणि मासे यजमान," असे सुजाता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराकडचे, सिक्लिड जातीचे, लिंबासारखे पिवळे. मेलबर्नच्या नळाचे पाणी त्यांना फार मऊ पडते म्हणून भाऊजी त्यात क्षार मिसळत, टाकीत चुनखडीचे दगड रचत. या माशांचे वैशिष्ट्य असे, की मादी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. तीही अंडीच समजून मादी ती टिपायला जाते, आणि त्या फसगतीतच तोंडातली अंडी फळतात. पुढे तीनेक आठवडे अंडी आणि नंतर पिल्ले तिच्या हनुवटीखालच्या पिशवीत वाढतात. पिल्लांना स्वतंत्रपणे पोहता येऊ लागले, की ती तोंड उघडून त्यांना बाहेर सोडते. हे सगळे मी सांगलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवताना पुस्तकातून शिकवले होते. प्रत्यक्ष पाहिले ते भाऊजींच्या लाँड्रीत, धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसून.

साथ सुरू झाली आणि आपापल्या घरांची जणू बेटे झाली. त्यातच कोल्हापूरला सुजाताचे वडील पडले, मांडीचे हाड मोडले, आणि घरात पाहायला दुसरे कोणी नाही. देश सोडायला सरकारी परवानगी लागत होती. ती मिळवून सुजाता गेली. जाताना भाऊजी म्हणाले, "तू निर्धास्त जा, मी आणि माझे मासे एकमेकांना खाऊन संपवणार नाही." दोनेक महिन्यांत परत यायचे असा बेत होता. मग भारतात ती भयंकर लाट आली, विमाने थांबली, पुन्हा सुरू झाली तरी जागा मिळेनाशा झाल्या. मिळालेले तिकीट रद्द व्हायचे, नवे मिळायचे, तेही रद्द व्हायचे. भाऊजी डँडेनॉन्गला एकटे, आम्ही सिडनीला, मधली राज्यांची सीमा बंद. भेटायचे ते पडद्यावरच.

त्या हिवाळ्यात सिडनीच्या शाळाही पुन्हा घरून सुरू झाल्या. सातवीच्या मुलांना प्राण्यांचे संगोपन शिकवायचे होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पडद्याचा कंटाळा पसरलेला. मी भाऊजींना विचारले, तुमची लाँड्री तासाभरासाठी द्याल का? ते इतके आनंदले, की त्यांनी काचा आतून-बाहेरून पुसल्या आणि मोबाइल कपडे वाळवायच्या स्टँडला बांधला. तोंडात अंडी असलेली एक मादी त्यांनी वेगळ्या टाकीत ठेवली होती. तिची हनुवटी फुगलेली, आणि तोंड सारखे हलत होते. भाऊजींनी मुलांना सांगितले, की या काळात ती काहीच खात नाही. लगेच एक मुलगी ओरडली, "मिस, शीज टोटली चुइंग!" दुसरा म्हणाला, "ही इज लाइंग, मिस!" भाऊजी खो-खो हसले. "नो मेट, डोंट लुक अ‍ॅट द माउथ. लुक अ‍ॅट द थ्रोट." मग त्यांनी पद्धतशीर दाखवले. शेजारच्या टाकीतल्या दुसऱ्या माशाला दाणा टाकला: तोंड मिटले आणि गळ्याखालची कातडी झटक्याने मागे ओढली गेली. तो घास गेला. आता या मादीकडे पाहा: तोंड हलते, गळा स्थिर. ती चावत नाही, तोंडातली अंडी फिरवते आहे, त्यांना ताजे पाणी मिळावे म्हणून. "मग तिच्यासमोर दाणा टाकून बघा ना," असे मी म्हटले तर ते एकदम गंभीर झाले. "नाही हां वहिनी, उपाशी मादीच्या पुढ्यात दाणा टाकायचा नाही. मोह होतो. तोंड उघडलं की गेली अंडी." मुलांनी निरीक्षण लिहिले: तोंडाची हालचाल म्हणजे खाणे नव्हे, घसा हलतो का, ते पाहावे.

दर रविवारी दुपारी आमची पडद्यावर पंगत बसे. आदल्या दिवशी पदार्थ ठरायचा, दोन्ही घरी तोच शिजायचा. कोल्हापुरात तेव्हा सकाळ असे, म्हणून सुजाता चहाचा कप घेऊन बसे, पण पंगतीतल्या यजमानीणबाईचा हक्क तिने सोडला नव्हता. तिकडून आग्रह चाले. "माधव, अजून एक भाकरी घे." "अगं, पोट फुटेल." "मला काय सांगतोस, गाल बघ कसे बसलेत! ताई, तुम्ही सांगा ना." मग आम्ही सगळेच आग्रह करत असू आणि भाऊजी हात जोडून "घेतो बाबा, घेतो" म्हणत आणखी घेत. आपल्याकडे पहिल्या नकाराला अर्थ नसतो, दुसऱ्याला थोडासा असतो, हे ते चांगले ओळखून होते. माशांची बाब सोडली तर ते कधीच कोणाला नको म्हणत नसत.

त्या वर्गानंतरच्या एका रविवारी पिठलं-भाकरी होती. भाऊजींनी मोबाइल ताटाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा खालून दिसत होता: हनुवटी, जबडा, गळा. ते बोलत होते, श्रीकांतना चिडवत होते, "दादा, तुझ्या ताटातली मिरची बघूनच मला घाम फुटला." जबडा चालू होता. मी सहज पाहत होते... आणि मग सहज पाहणे थांबले. घास घेतला, चावला, रुमालाने तोंड पुसले. पुन्हा घास, पुन्हा चावणे, पुन्हा रुमाल. गळा हलला नाही. माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. सुजाता तिकडून म्हणाली, "अरे, पिठलं संपवलंस! शाब्बास." एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असे मी स्वतः मुलांना शिकवते.

म्हणून पुढच्या रविवारची वाट पाहिली. तो आठवडा फार लांबला. श्रीकांतना मी काही सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी त्याच क्षणी फोन उचलला असता आणि भाऊजींनी हसून उडवून लावले असते. रविवारी वरण-भात होता. भाऊजींचा मोबाइल या वेळी उंचावर होता. जेवण अर्ध्यावर आल्यावर मी म्हटले, "भाऊजी, ठसका लागेल, पाणी प्या." ते म्हणाले, "वहिनी, आज माझा तास आहे का?" सुजाता हसली. त्यांनी पेला उचलला, छोटा घोट घेतला, डोळे मिटले, आणि एक हात छातीवर नेऊन तिथेच ठेवला. बराच वेळ. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मला कळले आहे, हे त्यांनाही तेव्हाच कळले असावे.

पंगत उठल्यावर मी त्यांना एकटीने फोन केला. ते लाँड्रीत होते. मागे पंपाचा बुडबुड आवाज येत होता. आधी नाकारले. मग म्हणाले, अडकल्यासारखे होते, पाऊण-एक वर्ष असेल, हिवाळ्यात वाढले. घन पदार्थ उतरत नाहीत. दूध, पेज जाते. डॉक्टरांशी फोनवर बोललो होतो, पित्त आहे असे मीच सांगितले, गोळ्या चालू आहेत. "प्रत्यक्ष दाखवलं?" "आता दवाखान्यात कोण जातंय वहिनी? घसा दुखतो म्हटलं की आधी बाहेर उभं करतात. आणि सुजाताला कळलं तर ती बाबांना तसंच सोडून निघेल. विमान नाही, काही नाही, विमानतळावर जाऊन बसेल ती. तुम्ही ओळखता तिला." नंतर जरा हलक्या आवाजात म्हणाले, "तशी ही मादीही तीन आठवडे खात नाही. तिला कोण डॉक्टरकडे नेतं?"

मी म्हटले, "तिच्या तोंडात पिल्लं आहेत. तुमच्या तोंडात काय आहे?"

बुडबुड आवाज येत राहिला... "उत्तर नाही आलं तर मार्क कापणार का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, कापणार. गुरुवारपर्यंत प्रत्यक्ष तपासणी झाली नाही तर सुजाताला मी सांगेन. "नका सांगू हां वहिनी, शब्द द्या." मी शब्द दिला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर त्यांना तो दिल्यासारखा वाटत राहिला.

गुरुवार आला. भाऊजींचा निरोप आला: शिफ्ट बदलली, पुढच्या आठवड्यात नक्की. मी कोल्हापूरला फोन लावला. श्रीकांत शेजारी बसले होते. तोवर त्यांना सारे सांगितले होते आणि ते हातातल्या रिमोटचे झाकण उगाच उघडत-मिटत होते. सुजाताने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ताई, दर रविवारी मीच घे, घे म्हणत होते ना... आणि तो तोंडात धरून बसत होता." पुढे ती जे बोलली ते मला नीट कळले नाही. फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "आज काय वार आहे? उद्याच्या विमानाच्या यादीत नाव लागतं का बघते." तिच्या वडिलांकडे पाहायला तिने सांगलीहून मावसबहिणीला बोलावून घेतले. भाऊजींना तिने काय सांगितले हे मला माहीत नाही, पण दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात गेले. घशातून दुर्बीण घालून पाहिले. अन्ननलिकेत गाठ होती. यकृतापर्यंत पोचलेली होती.

भाऊजी माझ्याशी बोलेनासे झाले. दादाला फोन करत, मला नाही. "वहिनींना सांग, परीक्षा झाली," एवढाच एक निरोप. मी रोज लाँड्रीतल्या टाकीचा विचार करत असे, कारण दुसरा विचार करवत नव्हता. सुजाताला जागा मिळाली, पण विमान तिला थेट मेलबर्नला आणणार नव्हते. आधी उत्तरेला डार्विनजवळच्या केंद्रात विलगीकरण, मग पुढे. ती ऑस्ट्रेलियात आली तरी त्या दोघांमध्ये अख्खा खंड होता. आणि डॉक्टरांनी श्रीकांतना स्पष्ट सांगितले होते, की वाट पाहण्याइतका वेळ आहे असे गृहीत धरू नका.

त्याच सुमारास एका सकाळी भाऊजींनी आम्हा सगळ्यांना एकत्र फोन लावला. पडद्यावर एका चौकटीत सुजाता, मागे केंद्रातली पत्र्याची भिंत; दुसऱ्या चौकटीत आम्ही; तिसऱ्या चौकटीत टाकी. मादीचे पोट आत गेले होते, पाठ चाकूच्या धारेसारखी दिसत होती. अशा वेळी पाळणारे तिला हातात धरून, तोंड हलके उघडून पिल्ले पाण्यात मोकळी करतात, नाहीतर ती उपासाने खंगते. भाऊजींनी हे पुष्कळदा केले होते. आता मात्र त्यांचे हात थरथरत होते. ओल्या जाळीतून मादी दोनदा निसटली. "राहू दे माधव," सुजाता म्हणाली. "राहून चालणार नाही, ती जाईल." मी पहिल्यांदाच बोलले, "भाऊजी, कोपर मशीनवर टेकवा. प्रयोगात ड्रॉपर धरताना मुलांना मी तेच सांगते." त्यांनी मान वर केली नाही, पण कोपर टेकवले. हात स्थिर झाला. प्लास्टिकच्या बोथट काडीने त्यांनी मादीचा खालचा ओठ दाबला, तिचे तोंड वाडग्यातल्या पाण्यात धरले... काही झाले नाही. पुन्हा दाबला. मग एक, मग दोन, मग एकदम मूठभर पिल्ले, डोळे आणि शेपूट एवढीच, वाडग्यात पसरली. मादीला त्यांनी टाकीत सोडले. ती दगडाआड गेली. भाऊजींनी चिमूटभर दाणा टाकला. ती आडून बाहेर आली, दाणा घेतला, आणि गळ्याखालची कातडी झटक्याने मागे ओढली गेली.

"गेला," भाऊजी म्हणाले.

"आता तू," सुजाता म्हणाली. मशीनवर पेजेचा पेला निवत होता. त्यांनी तो उचलला आणि घोट घोट करत, मध्ये थांबत, संपवला. आम्ही तिघे त्यांचा गळा पाहत होतो, आणि ते आम्हाला पाहू देत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, आता तरी पास करा."

सुजाता पोचली. वसंताचे काही आठवडे त्यांना मिळाले. अन्ननलिकेत नळी बसवल्यामुळे भाऊजींना मऊ खाता येऊ लागले, आणि सुजाताने आग्रह केला तर ते "नको" म्हणू लागले. सुजाता मला फोनवर सांगायची, "ताई, आज दोनदा नको म्हणाला," आणि तिच्या आवाजात समाधान असे. शेवटच्या दिवशी दुपारी, ती पाणी बदलत असताना, ते लाँड्रीच्या दारात आणलेल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. सीमा अजून बंद होती. अंत्यसंस्कार आम्ही लॅपटॉपवर पाहिले. श्रीकांतनी त्या वेळीही पांढरा सदरा इस्त्री करून घातला होता.

सीमा उघडल्यावर आम्ही गाडीने डँडेनॉन्गला गेलो. लाँड्री तशीच होती: चार टाक्या, क्षारांचा डबा, मशीनवर बोथट काडी. एका टाकीत तीच मादी होती आणि तिच्या तोंडात पुन्हा अंडी होती. सकाळी सुजाता तिथे गेली तेव्हा मी मागोमाग गेले. तिने चिमटीत दाणा घेतला आणि त्या मादीच्या समोर, कोपऱ्यात, हळूच सोडला. मी म्हटले, "अगं, भाऊजी तर म्हणायचे—" "माहीत आहे काय म्हणायचा," ती म्हणाली. "मी ढकलत नाही ताई. समोर ठेवते. घ्यायचं तर घेईल, नाहीतर नाही."

मादी बराच वेळ दुरून पाहत राहिली. मग आली, एक कण उचलला. तोंड हलले, ते तर नेहमीच हलते. मी काचेला नाक लावून गळा पाहत होते. कातडी मागे ओढली गेली. अंडे एकही बाहेर पडले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाहिले, आणि तसेच घडले. सुजाताने विचारले, "म्हणजे माधव चुकत होता?" मी म्हटले, या बाबतीत, कदाचित. ती म्हणाली, "तो असता तर तुमच्याशी रात्रभर भांडला असता."

तर सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: तोंडात अंडी असलेली मादी फार थोडे खाते, पण समोर ठेवले आणि बळजबरी केली नाही, तर कधी कधी खाते. हे उत्तर एका टाकीतल्या एका मादीवरून काढले आहे, आणि ते काढणारीला ते तसेच यावे असे वाटत होते, हेही लक्षात घ्यावे. म्हणून विनंती अशी, की ज्यांच्या घरी हे मासे आहेत त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये. एखादा कण मादीच्या समोर सोडावा, लांब बसावे, तिच्या गळ्याकडे पाहावे, आणि जे दिसेल ते, माझ्या विरुद्ध गेले तरी, कळवावे.